तांबोळी बाईंची टेकडी

तांबोळी बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या गच्चीवर उकिडव्या बसून एका मेलेल्या पाकोळीच्या पंखाला मोजपट्टी लावत होत्या. माझा नोकरीचा पहिला दिवस होता. मस्टर कुठं असतं हे विचारल्यावर शिपायानं मला वर पाठवलं होतं. बाईंनी मान वर केली नाही. "जरा हे टोक धरा," म्हणाल्या. मी नवी साडी सावरत टोक धरलं. "पाच इंच आणि एक रेघ. लिहा." मी लिहिलं. पाकोळीला रुमालात गुंडाळून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आपण कोण?"

नाव मेहरुन्निसा, पण मस्टरवर म. अ. तांबोळी आणि सगळ्या सदाशिव पेठेत तांबोळी बाई. भवानी पेठेत त्यांचं तीन पिढ्यांचं घर होतं. भावाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान खाली, बाई वर. तिथून त्या सायकलवर शाळेत यायच्या, काठाची साडी घोट्यापर्यंत खोचून. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "वेळ मिळाला नाही" म्हणायच्या, जणू लग्न म्हणजे रेशनकार्डावरचा पत्ता बदलून आणण्याचं काम.

एकदा पालकसभेत एक गृहस्थ फार कौतुकानं म्हणाले, "बाई, तुमचं मराठी अगदी शुद्ध आहे हो!"

"आपलंही बरं आहे," बाई म्हणाल्या. "सराव ठेवा."

त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. शिक्षक-खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, एवढाच काय तो माझा अधिकार. त्यांचा एक प्रश्न अख्ख्या शाळेला पाठ होता. बेडकाबद्दल, चंद्राबद्दल, कशाहीबद्दल कुणी ठामपणे काही सांगायला लागलं की बाई शांतपणे विचारायच्या, "पाहिलंत, की वाचलंत?" वाचलं म्हटलं तर रागवायच्या नाहीत. फक्त "बरं" म्हणायच्या. त्या 'बरं'ला मुलं छडीपेक्षा जास्त भ्यायची. मुख्याध्यापकही.

अशी ही बाई. तिनं आयुष्यात एकदाच न पाहता वाचलं, आणि त्याची ही हकिगत आहे.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला होता. पेठेत नळ एक वेळ यायचा. वर्तमानपत्रांत, भिंतींवर, एसटीच्या पाठीवर एकच मजकूर दिसायचा की झाडं नाहीत म्हणून पाऊस नाही. बाईंनी ते मनावर घेतलं. बिबवेवाडी तेव्हा गावच होतं. विहिरी, मळे, थोडी घरं आणि पाठीमागं एक टेकडी. मे महिन्यात खालून पाहिलं तर ती मुंडण केल्यासारखी दिसायची. पिवळं आखूड गवत, दगड, दोन बोरी. रीतसर परवानगी काढून बाईंनी तिथं शाळेची मोहीम सुरू केली. दर रविवारी सकाळी सातला चाळीस मुलं, घमेली, पहारी आणि गळ्यात शिट्टी अडकवलेल्या बाई. मी डबे सांभाळायला जायची.

सोपाननाना तिथं भेटले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांची जमीन होती आणि वर त्यांची मेंढरं चरायची. पहिल्या रविवारी ते काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ आमच्याकडे बघत उभे राहिले. मग जवळ आले.

"बाई, हे काय चाललंय?"

"झाडं लावतोय, नाना."

"कशापायी?"

"टेकडी उजाड आहे म्हणून."

नाना हसले नाहीत, चिडलेही नाहीत. पायाखाली बघत म्हणाले, "उजाड न्हाई ओ. माळ हाय ह्यो. माळाला झाड नकोच आसतं. गवात आसतं, आन गवतावर बाकी समदं आसतं."

"आपल्या मेंढरांनी खाऊन खाऊन ती अशी झालीय," बाई म्हणाल्या. "मी वाचलंय त्याबद्दल."

"वाचलं आसंल," नाना म्हणाले आणि मेंढरांमागं निघून गेले.

पहिल्या वर्षीचे कडुनिंब आणि शिसव निम्मे उन्हानं गेले, निम्मे मेंढरांनी खाल्ले. तेव्हा बाईंनी टेकडीवर चराई बंद व्हावी म्हणून अर्ज द्यायचं ठरवलं. तो अर्ज मी लिहिला. अक्षर माझं, भाषा माझी. 'बेजबाबदार चराईमुळे' असा एक शब्दप्रयोग मी त्यात घातला होता आणि मला तो फार आवडला होता. अर्ज मंजूर झाला. टेकडीभोवती काटेरी तार आली.

नाना शाळेच्या फाटकाशी आले. टोपी हातात होती. बाई बाहेर गेल्या, त्यांच्यामागं मी.

"बाई, एक वाट तरी उघडी ठेवा. जनावरं कुठं न्यू मी?"

"दोन वर्षं कळ काढा. झाडं धरली की तार काढू."

"तार काढत न्हाईत कुनी," नाना म्हणाले.

तार खरंच निघाली नाही. वर्ष सरता सरता नानांनी मेंढरं विकल्याचं कानावर आलं. शिक्षक-खोलीत आम्ही त्याबद्दल बोललो नाही.

पुढं कुणीतरी बाईंना उंदीरमारीचं नाव सुचवलं. बाहेरून आलेलं झाड, पाणी मागत नाही, जनावर तोंड लावत नाही, नुसती फांदी खोचली तरी फुटतं. मुलांनी हजारोंनी फांद्या खोचल्या. सात-आठ वर्षांत टेकडी हिरवीगार झाली. फेब्रुवारीत त्या झाडांना पानं गळून गुलाबी फुलं यायची आणि लांबून टेकडीवर गुलाल उधळल्यासारखं वाटायचं. बाईंचे सत्कार झाले. मी त्यावर एक निबंध लिहिला, तो पुढं शाळेच्या स्मरणिकेत छापून आला. बाई निवृत्त झाल्या तेव्हा सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या मंडळानं टेकडीच्या तोंडाशी त्यांच्या नावाची पाटी लावली. खाली बिबवेवाडी वाढत होती. मळे गेले, विहिरी बुजल्या, इमारती तारेपर्यंत आल्या.

निवृत्तीनंतर तीनेक वर्षांनी बाईंचा फोन आला. "लेले बाई, उद्या सकाळी टेकडीवर याल?"

आम्ही वर गेलो. छान सावली होती. बाकं होती. कुणी टाळ्या वाजवत व्यायाम करत होतं. मंडळी गेल्यावर बाई झाडांच्या आत शिरल्या आणि थांबल्या. "ऐका," म्हणाल्या.

मी ऐकलं. "काही ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

मला प्रश्न कळला नाही. बाईंनी पिशवीतून एक वही काढली. मोहिमेच्या पहिल्या वर्षाची. काम सुरू करण्याआधी मुलांना टेकडीभर फिरवून त्यांनी नोंदी केल्या होत्या. शिस्त म्हणजे शिस्त. पानावर वर त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं : 'टेकडी उजाड. उल्लेखनीय काही नाही.' आणि त्याच्या खाली, त्याच अक्षरात :

'धाविक पक्षी, दोन. पळतात, थांबतात, पुन्हा पळतात. चंडोल, पुष्कळ. सरळ वर उडून शीळ घालत खाली येतो. खोकडाचे, म्हणजे लहान कोल्ह्याचे, बीळ, तोंडाशी ताजी माती. गळ्याशी निळा पंखा उघडणारा सरडा, मुलांनी सात मोजले. टिटवीची चार अंडी, उघड्यावर, दगडांत दगडासारखी.'

मी पान दोनदा वाचलं. बाई झाडाला टेकून उभ्या होत्या.

"पाहिलं होतं हो मी," त्या म्हणाल्या. "पाहून लिहिलंसुद्धा. आणि वर लिहिलं, काही नाही."

"बाई, त्या वेळी कुणालाच..."

"नानांना माहीत होतं." मग वही माझ्या हातातून घेत म्हणाल्या, "ती अंडी आठवतात तुम्हाला? एका मुलानं विचारलं होतं, बाई, इथं अंडी आहेत, काय करू? मी म्हटलं, खड्डा दोन फूट बाजूला घे. मला वाटलं, केवढी मी दयाळू. दोन फूट! एवढ्या माळावरचे दोन फूट दिले मी त्या पक्ष्याला."

आम्ही खाली उतरलो. झाडांखालची जमीन स्वच्छ होती. गवताची काडी नाही, किडा नाही, पाचोळ्याचा वास तेवढा. इतकी वर्षं मी तिला नीटनेटकी म्हणत आले होते.

तेव्हापासून बाई बदलल्या. बोलणं तसंच तिरकं राहिलं, पण बोलता बोलता मध्येच थांबायच्या. एकदा मी त्यांच्या घरी जेवायला होते. भात कच्चा लागला. भावजय ओशाळून म्हणाली, "कुकरजवळ ताईंना उभं करू नये, शिट्टी व्हायच्या आधीच गॅस बंद करतात."

बाई पानातल्या भाताकडे बघत म्हणाल्या, "शिट्टीच्या आधी एक बारीक सूर लागतो. तो चंडोल खाली येतो ना, अगदी तसा. मला पुढचं ऐकवत नाही."

भावजयीनं वरण वाढलं.

एका गुरुवारी त्या मला घेऊन नानांकडे गेल्या. नाना आता पाचव्या मजल्यावर राहत होते, त्यांच्याच जुन्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत. गॅलरी टेकडीसमोर होती आणि नानांची खुर्ची टेकडीकडे पाठ करून ठेवलेली. सून म्हणाली, "तशीच लागती त्यांना."

बाई उभ्याच राहिल्या. "नाना, मला ओळखलंत?"

"शिट्टीवाल्या बाई."

"मी माफी मागायला आलेय. आपण सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

नानांनी त्यांना बसायला खुणावलं. "तुमी एकट्या हाय का बाई?" ते म्हणाले. "वरचा माळ तुमी झाकला. खालचा म्या इकला. पोरं म्हनली, मेंढरं न्हाईत तर माळ कशाला? म्या सही केली."

चहा आला, थंड झाला. मग नाना आपणहून बोलायला लागले.

"तार ठोकली ना तुमी, तवा आत खोकडीन व्हती. तिची पिल्लं आत, आन ती भाईर गावलेली. तारंखालनं कशीबशी शिरली. मंग दोन दिस पिल्लं हलवत व्हती, एक एक, तोंडात धरून. खालच्या माळावर आनली तिनं. माझ्या बांधाला. तिथं ऱ्हायली ती, बिल्डिंगचा पाया खांदला तवर. मंग पुन्ना पिल्लं उचलली." त्यांनी हातानं रस्त्याची दिशा दाखवली. तिकडे दुकानं होती, गाड्या होत्या. "तिकडं गेली. म्या बघत व्हतो. सांगू कुनाला? मुकादमाला?"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्या नानांकडे बघत राहिल्या आणि नाना फरशीकडे.

त्यानंतर बाई दर गुरुवारी नानांकडे जाऊ लागल्या. टेकडीच्या पायथ्याशी, इमारतीमागं, नानांच्या मुलांच्या, भावाभावांच्या वादात अडकलेली एक चिंचोळी पट्टी बांधायची राहिली होती. तिथं कुणी काही लावलं नव्हतं, म्हणून गवत टिकलं होतं. नाना काठी टेकत खाली यायचे आणि बाईंना गवताची नावं सांगायचे. पवन्या, मारवेल, कुसळी. बाई लिहून घ्यायच्या. साठी उलटलेल्या बाई विद्यार्थ्यासारखं "पुन्हा सांगा" म्हणायच्या आणि नाना मास्तरासारखे वैतागायचे. त्या पट्टीत बाई उंदीरमारीचं एकही रोप टिकू देत नव्हत्या. पण बी वरून येत होतं. मग त्या वर जाऊ लागल्या. पहाटेची गर्दी ओसरली की झाडांखाली उगवलेली रोपं उपटायच्या.

एके दिवशी सकाळी दहाला मला फोन आला. अनोळखी तरुण आवाज. "मॅडम, एक आजी आहेत, त्यांनी तुमचा नंबर दिलाय. त्या टेकडीवर झाडं डिस्ट्रॉय करत होत्या. प्लीज कुणीतरी येऊन घेऊन जा."

मी रिक्षानं गेले. पाटीखालच्या बाकावर बाई बसल्या होत्या, हात मातीनं भरलेले, पायाशी उपटलेल्या रोपांचा ढीग. चार-पाच जण भोवती उभे. फोन करणारा तरुण मुलगा सभ्य होता, पण संतापला होता.

"आजी, ही झाडं कुणी लावलीत माहितीय का? तांबोळी बाईंनी! त्यांनी लाइफ दिलंय या हिलसाठी. वाचा ना, वर लिहिलंय."

"वाचलंय," बाई म्हणाल्या. "मीच ती."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही ना? मी मान हलवून होय म्हटलं, म्हणजे त्याच बाई. त्यानं उलटा अर्थ घेतला आणि एकदम मवाळ झाला.

"ओके, पोलीस वगैरे नको. आजी, तुम्ही फक्त एक माफीनामा लिहून द्या. ग्रुपवर टाकायला."

बाईंनी वही मागितली. मांडीवर ठेवून, तब्येतीत, त्याच सुंदर अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. मुलानं वाचलं. पुन्हा वाचलं.

"आजी, 'मी या टेकडीवर झाडे लावली, याबद्दल मी सर्वांची क्षमा मागते.' इथं 'तोडली' पाहिजे ना. चुकून 'लावली' झालंय."

"छत्तीस वर्षं वह्या तपासल्यात मी," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे ते."

तो कागद ग्रुपवर गेला की नाही मला माहीत नाही. रिक्षात बाई एकच वाक्य बोलल्या. "मुलगा चांगला आहे. मी त्याच्या वयाची असते तर मीही मला पकडलं असतं."

नाना त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेले. बाई मयतीला गेल्या आणि पुढच्या गुरुवारी एकट्याच पट्टीवर जाऊन आल्या.

मग तो ऑक्टोबर आला. पाऊस आताशा वेळेवर पडत नाही, आणि पडतो तेव्हा वैर असल्यासारखा पडतो. दसरा होऊन गेला होता. एका दुपारी दोन तासांत इतकं पाणी कोसळलं की टेकडीवरची माती चिखल होऊन खाली आली. झाडांखालच्या त्या नीटनेटक्या जमिनीत धरून ठेवायला काही नव्हतंच. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या चिखलात रुतल्या. लोक म्हणत होते, वर एवढं जंगल असून असं कसं झालं? नानांच्या इमारतीमागं मात्र पाणी गढूळ न होता आलं. गवताच्या पट्टीनं चिखल अडवला होता. बाई तो बघायला दुसऱ्या दिवशी गुडघाभर राड्यातून गेल्या, आणि परत येताना नानांच्या थोरल्या मुलाला जिन्यात गाठून म्हणाल्या, "वडिलांचं गवत बघून या."

त्यानं बघितलं असेल. पण सोसायटीच्या सभेत ठरलं की पुन्हा चिखल नको, टेकडीच्या कडेनं काँक्रीटची भिंत घालायची. भिंतीला जागा हवी होती. भावांचा वाद त्या निमित्तानं एका बैठकीत मिटला.

बाई भांडल्या नाहीत. अर्ज करू का, असं मी विचारलं. "तुमच्या अर्जांना यश येतं, लेले बाई," त्या म्हणाल्या. "नको."

त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात मी परगावी होते, मातीला पोचले नाही. म्हणून माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते भिंतीचं काम सुरू झालं त्या दिवसाचं.

दुपारचे बारा वाजले असतील. मी रिक्षातून बिबवेवाडीच्या मोठ्या रस्त्यानं जात होते. सिग्नलला रिक्षा थांबली. रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर बाई उभ्या होत्या. दोन्ही बाजूंनी बस, टेम्पो, दुचाक्या. साडीच्या निऱ्या गुडघ्यापासून खाली पिवळ्या पडल्या होत्या, इतकी कुसळं त्यात रुतली होती. पट्टीवर जेसीबी फिरण्याआधी बाई त्या गवतातून चालल्या असणार, मुद्दाम, पुन्हा पुन्हा. आता त्या वाकून एकेक कुसळ बियेसकट साडीतून सोडवत होत्या आणि दुभाजकातल्या चिमूटभर मातीत, शोभेच्या झुडपांच्या मध्ये, बोटानं खोचत होत्या. गडबड नव्हती. घरचं काम करावं तसं चाललं होतं.

मी हाक मारली. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं. मी उतरायला पाय बाहेर काढला. बाईंनी हातानं खूण केली, वर्ग सुटल्यावर रेंगाळणाऱ्या मुलींना करायच्या तशी. जा तुम्ही.

सिग्नल सुटला. रिक्षा हलली. मी मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा त्या पुन्हा वाकल्या होत्या.